वेस्टर्न डिजिटल ब्ल्यू १ टीबी हार्ड डिस्क: साटा जोडणी आणि तबकडीचा खरा वेग

डेस्कटॉप संगणकात बसवायची साडेतीन इंची हार्ड डिस्क घेताना ग्राहकाच्या समोर चार आकडे येतात: क्षमता, तबकडीच्या फेऱ्या, कॅश (डिस्कमधली छोटी तात्पुरती स्मृती) आणि ‘साटा ६ गिगाबिट प्रति सेकंद’ (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा जोडणीचा वेग). यांपैकी शेवटचा आकडा सर्वांत जास्त लक्ष वेधून घेतो आणि सर्वांत मोठा गैरसमजही त्याच्याचमुळे होतो. वेस्टर्न डिजिटलच्या ब्ल्यू मालिकेतील १ टीबीची ‘डब्ल्यूडी १० ईझेडईएक्स’ ही डिस्क हा गैरसमज दूर करण्यासाठी चांगले उदाहरण आहे, कारण २०१२ च्या सुमारास बाजारात आलेले हे मॉडेल आजही असंख्य संगणकांत चालू आहे आणि त्याच्या क्षमता व मर्यादा आता पुरेशा स्पष्ट झालेल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. साठवणुकीची दुसरी डिस्क म्हणून ही अजूनही विश्वासाने घ्यावी अशी आहे. मात्र तिची निवड करताना साटाच्या वेगाकडे पाहण्याऐवजी तबकडीवर माहिती कशा पद्धतीने लिहिली जाते, याकडे पाहायला हवे.

आधी जोडणीचा विचार करू, कारण वेगाचा घोळ तिथूनच सुरू होतो. साटाची पहिली आवृत्ती २००३ साली आली. तिचा वेग सेकंदाला १.५ गिगाबिट होता. त्यानंतर ३ गिगाबिटची आणि २००९ साली ६ गिगाबिटची आवृत्ती आली. या तिन्ही आवृत्त्यांत प्रत्येक ८ बिट माहितीसाठी तारेवरून १० बिट पाठवले जातात, त्यामुळे गिगाबिटमध्ये दिलेल्या आकड्याला ८ ने नव्हे तर १० ने भागावे लागते. म्हणजे ६ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त ६०० मेगाबाइट जाऊ शकतात, ३ गिगाबिटच्या जोडणीतून ३०० आणि अगदी पहिल्या साटामधून १५०. आता या डिस्कच्या तपशीलपत्रकात सलग वाचन-लेखनाचा जो कमाल वेग दिला आहे तो पाहावा: सेकंदाला १५० मेगाबाइट. तबकडीवरून येणाऱ्या माहितीचा ओघ २००३ सालच्या जोडणीच्या मर्यादेपाशीच थांबतो. जोडणीचा रस्ता चौपट रुंद झाला तरी फिरणाऱ्या तबकडीवरून येणारी माहिती तेवढीच राहते. ६ गिगाबिटचा पूर्ण उपयोग होतो तो साटा एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला), कारण ती सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत पोहोचते.

या हिशेबाचा प्रत्यक्ष फायदाही आहे. ज्यांच्या जुन्या मदरबोर्डवर केवळ ३ गिगाबिटचे साटा पोर्ट आहेत, त्यांनी या डिस्कसाठी वेगळे कार्ड घेण्याची किंवा मदरबोर्ड बदलण्याची काहीच गरज नाही. पोर्ट आणि डिस्क आपसात बोलणी करून दोघांना जमेल तो वेग स्वतःच ठरवतात, आणि ३ गिगाबिटच्या पोर्टवर फरक पडलाच तर तो कॅशमधून क्षणभर येणाऱ्या माहितीपुरता असतो. मोठ्या फाइली हलवताना तो जाणवत नाही. मदरबोर्डवर दोन्ही प्रकारचे पोर्ट असतील तर ६ गिगाबिटचे पोर्ट एसएसडीला द्यावेत आणि ही डिस्क निःशंकपणे ३ गिगाबिटच्या पोर्टला लावावी.

मग साटा जोडणीचे मोल कशात आहे? माझ्या दृष्टीने ते तिच्या साधेपणात आणि सुरक्षिततेत आहे. त्याआधीच्या पाटा जोडणीत ४० पिनांचा रुंद पट्टा असायचा, एकाच पट्ट्यावर दोन डिस्क लावायच्या झाल्या तर जम्पर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) बसवून मास्टर आणि स्लेव्ह ठरवावे लागायचे, पट्ट्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटरच्या पुढे नेता येत नसे आणि कमाल वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट होता. साटामध्ये प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल मिळते, माहितीच्या जोडणीत केवळ ७ पिना असतात, केबल १ मीटरपर्यंत चालते आणि जम्परची कटकट उरत नाही. पॉवरच्या जोडणीत १५ पिना आहेत. डिस्कच्या मागच्या बाजूला या दोन्ही जोडण्या शेजारी शेजारी असून प्रत्येकीच्या प्लॅस्टिकच्या जिभेचे एक टोक काटकोनात वळलेले आहे, त्यामुळे केबल उलटी बसूच शकत नाही. जवळून पाहिल्यास सोनेरी पट्ट्यांपैकी काही पट्ट्या इतरांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतात. त्या जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या आहेत. केबल आत सरकवताना आधी ग्राउंड जुळावे आणि मग बाकीचे संपर्क व्हावेत, यासाठी केलेली ही रचना आहे. चालू संगणकात डिस्क लावण्या-काढण्याची सोय, म्हणजे हॉट प्लग, याच रचनेमुळे शक्य होते. अर्थात बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) त्या पोर्टसाठी तो पर्याय चालू असावा लागतो.

या जोडणीचा कमकुवत भाग म्हणजे हीच प्लॅस्टिकची जीभ. केबल तिरकी ओढली तर ती मुळातून तुटते आणि मग डिस्क आतून धडधाकट असूनही जोडता येत नाही. केबल काढताना ती क्लिप दाबून सरळ मागे घ्यावी, आणि कॅबिनेटचे झाकण केबलच्या वाकावर दाबत असेल तर काटकोनी तोंडाची केबल वापरावी. पॉवर सप्लायला साटाची तोंडे कमी पडतात म्हणून जुन्या चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारा जोड अनेक जण वापरतात. त्यात एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेली तोंडे टाळावीत, कारण आतल्या तारा एकमेकींच्या फार जवळ येऊन ती वितळण्याच्या घटना घडलेल्या आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी बसवलेली दिसते तो जोड अधिक सुरक्षित असतो. त्याहून चांगले म्हणजे पॉवर सप्लायच्याच मूळ तोंडाला डिस्क लावणे.

आता प्रत्यक्ष डिस्ककडे वळू. हिच्यात १ टीबीची एकच तबकडी आणि तिच्या दोन्ही पृष्ठभागांसाठी दोन हेड (माहिती वाचणारी-लिहिणारी टोके) आहेत. ही रचना मला या मॉडेलची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. तबकड्या आणि हेड जितके कमी, तितके हलणारे भाग कमी आणि वजनही कमी. शिवाय एकाच तबकडीवर १ टीबी बसवायची तर माहिती दाट लिहावी लागते, त्यामुळे एका फेरीत हेडखालून जास्त माहिती सरकते. तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात, आणि हवा असलेला सेक्टर (तबकडीवरचा माहितीचा छोटा कप्पा) हेडखाली येण्याची सरासरी वाट अर्ध्या फेरीइतकी, सुमारे ४.१७ मिलिसेकंद असते. त्यात हेड एका ट्रॅकवरून (तबकडीवरच्या गोलाकार पट्टीवरून) दुसऱ्या ट्रॅकवर नेण्याचे काही मिलिसेकंद मिळवले की लक्षात येते की विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना ही डिस्क सेकंदाला शंभर विनंत्याही पुऱ्या करू शकत नाही. विंडोज सुरू होताना किंवा एखादे मोठे सॉफ्टवेअर उघडताना अशा हजारो छोट्या विनंत्या येतात. ऑपरेटिंग सिस्टिम या डिस्कवर ठेवली की संगणक मंद वाटतो त्याचे कारण हेच आहे, आणि कोणत्याही जोडणीने किंवा कॅशने ते नाहीसे होत नाही. एसएसडीवर सिस्टिम आणि या डिस्कवर फोटो, चित्रफिती, बॅकअप व जुनी कामे, अशी विभागणीच आज योग्य आहे.

एनसीक्यू ही सोय या मर्यादेत थोडी मदत करते. संगणकाने पाठवलेल्या ३२ पर्यंत आज्ञा डिस्क एकत्र ठेवून घेते आणि हेडला कमीत कमी धावपळ होईल अशा क्रमाने त्या पुऱ्या करते. त्यासाठी बायोसमध्ये साटा पोर्ट आयडीई या जुन्या पद्धतीऐवजी एएचसीआय या नव्या पद्धतीवर असणे आवश्यक आहे. जुन्या संगणकात ही डिस्क लावणाऱ्यांनी हे एकदा तपासून घ्यावे; मात्र आधीपासून विंडोज असलेल्या संगणकात ही पद्धत तयारीशिवाय बदलली तर विंडोज सुरू होण्यास नकार देऊ शकते, हे लक्षात ठेवावे. नव्या मदरबोर्डवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक मदरबोर्डवर एखाद्या एम डॉट टू खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. डिस्क बायोसमध्ये दिसत नाही म्हणून ती परत करण्यापूर्वी मदरबोर्डच्या पुस्तिकेतला हा तक्ता वाचावा आणि दुसरे पोर्ट वापरून पाहावे.

सलग वेगाबद्दलही थोडे स्पष्ट सांगायला हवे. तपशीलपत्रकातला १५० मेगाबाइटचा आकडा डिस्कच्या सुरुवातीच्या भागासाठी असतो. तबकडीच्या बाहेरच्या ट्रॅकचा परीघ मोठा असल्याने तिथे जास्त सेक्टर बसतात आणि एका फेरीत जास्त माहिती मिळते. आतल्या ट्रॅकवर हाच वेग जवळपास निम्म्यावर येतो. डिस्क बाहेरून आत भरत जाते, त्यामुळे काही काळाने ‘डिस्क मंदावली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याचदा बिघाड नसून ही भूमितीच असते. ज्या फाइली वारंवार लागतात त्यांच्यासाठी सुरुवातीचे पार्टिशन राखून ठेवले तर त्याचा थोडा फायदा मिळतो.

आता मुख्य मुद्दा. या डिस्कमध्ये माहिती सीएमआर पद्धतीने लिहिली जाते, म्हणजे शेजारचे ट्रॅक एकमेकांवर चढत नाहीत आणि कोणताही सेक्टर इतरांना धक्का न लावता पुन्हा लिहिता येतो. दुसऱ्या पद्धतीत, एसएमआरमध्ये, छपरावरच्या कौलांप्रमाणे एक ट्रॅक दुसऱ्यावर काही भाग टाकून लिहिला जातो. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण मधला एखादा भाग बदलायचा झाला तर त्याच्या पुढचा संपूर्ण पट्टा पुन्हा लिहावा लागतो. एसएमआर डिस्क आलेले लेखन आधी एका राखीव भागात घेते आणि नंतर निवांतपणे जागेवर नेते. छोट्या कामांत हे कळतही नाही. मात्र शेकडो गिगाबाइटचा बॅकअप सलग घेताना राखीव भाग भरला की वेग एकदम कोसळतो, आणि नासमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कच्या साठवण-पेटीत) बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून माहिती पुन्हा उभी करताना तर काम कमालीचे लांबते.

ही बाब ग्राहकाला लेबलवरून कळत नाही, याबद्दल माझी तीव्र नापसंती आहे. ब्ल्यू मालिकेतच २ टीबीची जी नवी मॉडेल आली, त्यांच्यावर २५६ मेगाबाइट कॅश लिहिलेली असते, तर या १ टीबीच्या डिस्कवर केवळ ६४. समोरासमोर ठेवल्यास कोणालाही पहिली सरस वाटेल. प्रत्यक्षात २५६ मेगाबाइटची ती मॉडेल एसएमआर पद्धतीची आहेत. तिथली मोठी कॅश बहुतांशी त्या पद्धतीतली अडचण झाकण्यासाठी लागते. कॅशचा आकडा मोठा म्हणजे डिस्क चांगली, हा समज त्यामुळे सोडून द्यावा. २०२० च्या एप्रिल महिन्यात याच कंपनीच्या, नाससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर वापरल्याचे उघड झाले आणि वापरकर्त्यांत मोठी नाराजी पसरली. त्यानंतर कंपनीने कोणते मॉडेल कोणत्या पद्धतीचे याची यादी प्रसिद्ध केली आणि सीएमआर मॉडेलांना रेड प्लस हे नाव दिले. अशा याद्या इतर उत्पादकांनीही दिल्या आहेत. डिस्क घेण्यापूर्वी मॉडेलचा पूर्ण क्रमांक त्या यादीत शोधून पाहावा; मालिकेचे नाव किंवा रंग पुरेसा नाही.

वीज आणि आवाज यांबाबत ही डिस्क सर्वसाधारण आहे. तपशीलपत्रकानुसार वाचन-लेखन चालू असताना ती ६.८ वॉट आणि नुसती फिरत असताना ६.१ वॉट घेते. दोन्हींत फारसा फरक नाही, कारण मुख्य खर्च मोटार फिरवण्याचा आहे. खरी बचत तबकडी थांबल्यावरच होते आणि तेव्हा आकडा १.२ वॉटवर येतो. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत २० मिनिटे काम नसल्यास डिस्क थांबते आणि नंतर पहिली फाइल उघडताना काही सेकंद थांबावे लागते. हा बिघाड नव्हे. ज्यांना ही वाट नको असेल त्यांनी पॉवर ऑप्शन्समध्ये वेळ वाढवावी. आवाजाचे म्हणाल तर, सेकंदाला १२० फेऱ्यांमुळे त्याच कंपनसंख्येची एक बारीक घरघर कायम असते आणि पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये ती पत्र्याला लागून वाढते. डिस्क एका बाजूच्या दोन स्क्रूंवर टांगून न ठेवता चारही स्क्रू लावावेत, आणि कॅबिनेटसोबत रबरी वायसर मिळाले असतील तर ते अवश्य वापरावेत.

वरच्या झाकणावर एक छोटे छिद्र आहे आणि ते झाकू नये अशी सूचना त्याच्याजवळ छापलेली असते. ही डिस्क हवाबंद नसते. आत गाळलेली हवा असते, तिच्या आधारावर हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतात, आणि बाहेरच्या दाबाशी आतला दाब या छिद्रातून गाळणीमार्गे जुळवला जातो. त्यावर वॉरंटीचा किंवा मालमत्तेचा स्टिकर चिकटवणे चुकीचे आहे. काम थांबल्यावर हेड तबकडीवर न टेकता तिच्या बाहेरच्या उतारावर जाऊन बसतात. अशा ३ लाख फेऱ्यांची क्षमता कंपनीने नमूद केली आहे. एवढे असले तरी डिस्क फिरत असताना कॅबिनेट हलवणे, आडवे करणे किंवा टेबलावर आपटणे टाळलेच पाहिजे.

या डिस्कमधली सर्वांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे स्मार्ट नोंदी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची माहिती सतत नोंदवत असते आणि ती कोणत्याही मोफत सॉफ्टवेअरमधून वाचता येते. तीन-चार नोंदी पाहिल्या तरी पुरते. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे वाचताच न आलेले सेक्टर. यांपैकी काही शून्यावरून वाढू लागले तर त्याच दिवशी बॅकअप घ्यावा. १९९ ही नोंद मात्र वेगळी आहे. ती तबकडीबद्दल काही सांगत नाही. केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीची ती मोजदाद आहे. फाइल कॉपी करताना संगणक मधूनच गोठतो, पुन्हा चालू होतो, आणि ही नोंद वाढत जाते, असे दिसले तर डिस्क टाकून देण्याआधी केबल बदलावी. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यानंतर तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे. चांगल्या डिस्क केवळ सैल केबलमुळे निकामी ठरवल्या जातात, हे पाहून वाईट वाटते.

काही बाबी थोडक्यात. विंडोजमध्ये ही डिस्क ९३१ जीबी दिसते, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. जागा कुठेही गेलेली नसते. तबकडीवरचे सेक्टर ४०९६ बाइटचे असून डिस्क ते संगणकाला ५१२ बाइटचे म्हणून दाखवते. विंडोज ७ पासूनच्या प्रणाली पार्टिशन त्यानुसार योग्य जागी सुरू करतात. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीत मात्र ते जुळवून घ्यावे लागते. एकाहून अधिक डिस्क एकत्र जोडून चालवण्याच्या ‘रेड’ (RAID) रचनेत ही वापरू नये; वरच्या रेड मालिकेशी या नावाचा संबंध नाही. डेस्कटॉपसाठीची डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न करत राहते आणि तेवढ्या वेळात रेड कंट्रोलर तिला मृत समजून बाहेर काढू शकतो. वॉरंटी दोन वर्षांची आहे. याच कंपनीच्या ब्लॅक मालिकेला ती पाच वर्षांची मिळते, आणि ज्यांचे रोजचे काम डिस्कवर अवलंबून आहे त्यांनी हा फरक विचारात घ्यावा.

हे मॉडेल इतकी वर्षे चालत असल्यामुळे वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून हाती येण्याचा धोका आहे. डिस्क आल्यावर त्यात काहीही भरण्यापूर्वी स्मार्टमधील क्रमांक ९ ची नोंद, म्हणजे चालू राहिलेले एकूण तास, वाचावी. नव्या डिस्कवर ती शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असते. मग सीरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासावी आणि विस्तारित स्वयंचाचणी लावून द्यावी. ही चाचणी तबकडीचा प्रत्येक सेक्टर वाचते. १ टीबी माहिती सेकंदाला १५० मेगाबाइटने वाचायलाही पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि आतल्या ट्रॅकवर वेग उतरतो, हे धरून दोन ते तीन तास बाजूला ठेवावेत. चाचणीनंतर ५, १९७ आणि १९८ या तिन्ही नोंदी शून्यावर असतील तरच डिस्क कामाला लावावी; एकही संशयित सेक्टर दिसला तर फॉरमॅट करून पाहण्यात वेळ न घालवता ती बदलून घ्यावी.